नाइन-बॉलच्या डिसायडरमधे क्यू खोलला म्हणून मॅच गेली, हे बरोबर झालं का?

स्कोअरवाला_नागपूर

मंडळी एक भांडण सोडवून द्या, आमच्या ग्रुपमधे दोन पार्ट्या पडल्या आहेत आणि मी मधात फसलो आहे कारण स्कोअर लिहायला मीच बसलो होतो.

आमच्या पार्लरमधे (नाव नाही घेत, उगाच मालकाला त्रास नको) लोकल नाइन-बॉलची (पूलचा प्रकार, सगळ्यात लहान नंबरच्या बॉलला आधी लागायचं, नऊ नंबर टाकेल त्याचा रॅक म्हणजे डाव) टूर्नामेंट होती, रेस टू सेव्हन (आधी सात रॅक काढेल त्याची मॅच), भिंतीवर कागद चिकटवला होता की डब्ल्यूपीएचे (पूलची जागतिक संघटना) रूल लागू राहतील, तो कागद कोणी वाचला नव्हता हे वेगळं सांगायला नको. फायनलला माझा दोस्त आणि बर्डीकडून येणारा एक पोट्टा. ६-६ झाले, म्हणजे पुढचा रॅक डिसायडर, जो काढेल त्याची मॅच. शेवटच्या रॅकमधे त्या पोट्ट्यानं सुंदर रनआउट केला (एकामागून एक बॉल टाकत गेला), सात, आठ गेले, आणि नऊ नंबर कोपऱ्यातल्या पॉकेटपासून दीड-दोन फुटावर, क्यू बॉल (ज्याला मारतात तो पांढरा) जवळजवळ सरळ रेषेत. म्हणजे डोळे मिटून मारला तरी जाईल असा बॉल. माझा दोस्त खुर्चीत बसला होता, त्याला वाटलं संपलं आता, आणि तो आपला क्यू (दोन तुकड्यांची काठी, आट्यांनी जोडलेली) खोलायला लागला. तिकडे पोट्ट्यानं शॉट मारला आणि नऊ नंबर पॉकेटच्या तोंडात खडखड करून तिथेच लटकला.

दोस्तानं क्यू पुन्हा जोडला, उठून टेबलाकडे आला, तर पोट्टा म्हणे, "भाऊ तू क्यू खोलला न, मॅच संपली." आम्हाला सगळ्यांना वाटलं गंमत करून राहिला. तो गंमत नव्हता करत. मालकानं मोबाइलवर रूल काढला, दोनदा वाचला, आणि मॅच त्या पोट्ट्याला दिली.

आता खरी गोष्ट ज्याच्यामुळे माझं डोकं फिरून राहिलं आहे. त्याच मॅचमधे ४-३ असताना माझ्या दोस्ताच्या बाहीचा स्पर्श सहा नंबरला झाला होता, बॉल इतकासा हलला, मला नाही दिसलं, त्या पोट्ट्याला नाही दिसलं, कोणालाच नाही. दोस्त स्वतः उभा राहिला आणि म्हणाला फाऊल, आणि क्यू बॉल उचलून त्याच्या हातात दिला. पोट्ट्यानं थँक्यू म्हणून बॉल इन हँड (क्यू बॉल हवा तिथे ठेवून मारायचा हक्क) घेतला आणि तो रॅक काढला. म्हणजे एक जण न दिसलेला फाऊल स्वतः सांगते आणि दुसरा असल्या कागदी रूलवर फायनल घेऊन जाते. रूल असेलही पण खेळाडूवृत्ती नावाची काही चीज आहे की नाही? त्या पोट्ट्यानं "चल भाऊ खेळ" म्हणायला पाहिजे होतं की नव्हतं?

पोट्टा_नं_८

क्यू काहून खोलला बे पण?

म्हणजे खरंच विचारून राहिलो. समोरचा शॉटवर वाकला आहे, बॉल अजून पॉकेटमधे गेला नाही, आणि आपला भाऊ सामान आवरून राहिला. बस न दोन मिनिटं. भिंतीवर कागद होता, कोणी वाचला नाही हा कागदाचा दोष आहे का? एंट्री फी भरताना वाचायला पाहिजे होता. हे म्हणजे सावजीत जाऊन बसायचं आणि मग ओरडायचं की तिखट आहे बाप्पा. बर्डीच्या पोट्ट्यानं काही झोल नाही केला, त्यानं रूल सांगितला, मालकानं वाचला, संपलं.

आणि बाहीचा फाऊल तुमच्या दोस्तानं स्वतःच्या मर्जीनं दिला. चांगलं केलं, मानलं त्याले. पण त्याची उधारी समोरच्याकडून वसूल नाही करता येत.

जुना_मेंबर

मी पूलपेक्षा बिलियर्ड्स आणि स्नूकरवाला, सिव्हिल लाइन्सच्या एका क्लबात मार्करकडून (टेबलाशी स्कोअर सांगणारा माणूस) शिकलो, त्यामुळे माझं बोलणं थोडं जुन्या वळणाचं वाटेल, सांभाळून घ्या.

आम्हाला पहिल्या महिन्यात शॉट नंतर शिकवले, आधी हे शिकवलं की तुझी टिप चुकून बॉलला लागली, बाही लागली, तर समोरचा काही म्हणायच्या आत तू सांगायचं. रेफरी असो नसो. यात कौतुक वगैरे काही नव्हतं, नाही सांगितलं आणि कळलं तर पुढचे कित्येक दिवस कोणी तुमच्याबरोबर खेळायला उभं राहत नसे. त्यामुळे तुमच्या मित्रानं जे केलं ते मला एकदम ओळखीचं वाटलं आणि आवडलं.

पण दुसरी बाजू. खुर्चीत बसलेल्या माणसाची पण एक शिस्त असते, आणि हल्लीच्या पार्लरमधे ती कोणी शिकवतच नाही. समोरचा खाली वाकला की तुम्ही हलायचं नाही, चॉक घासायचा नाही, पाणी प्यायला उठायचं नाही, त्याच्या शॉटच्या रेषेत उभं राहायचं नाही. क्यू खोलणं तर सगळ्यात वाईट. एक तर आट्यांचा बारीक किरकिर आवाज येतो, आणि आवाज नाही आला तरी डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसतं की हा उठायच्या तयारीत आहे, म्हणजे यानं सोडली मॅच. मारणाऱ्याचं मन तिथेच सैल पडतं. काही वस्ताद मंडळी हे मुद्दाम करायची, साधेपणाचा आव आणून. पुलात याला शार्किंग म्हणतात. माझ्या समजुतीप्रमाणे तो क्यू खोलायचा रूल आला तो यासाठीच, म्हणजे तुम्ही ज्याला रूल विरुद्ध खेळाडूवृत्ती म्हणताय तिथे मुळात तो रूलच खेळाडूवृत्तीचा आहे. तुमच्या मित्रानं मुद्दाम केलं असं मी अजिबात म्हणत नाहीये.

आणि एक अवांतर, नागपूरकरांनी या खेळाबद्दल जरा हक्कानं बोलावं. स्नूकर जन्माला आला तो आपल्या शेजारी जबलपूरला, १८७५ मधे, लष्करी अधिकाऱ्यांच्या मेसमधे, नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्याच्या डोक्यातून (पंतप्रधान झाला तो वेगळा). सिवनीच्या पुढे गेलं की आलंच. नंतर उटीच्या क्लबात त्याचे नियम लिहून लावले गेले. म्हणजे बघा, एकमेकांना ओळखणारे, रोज एकत्र जेवणारे लोक, त्यांनाही शेवटी नियम कागदावर लिहून भिंतीवर लावावे लागले.

जामठा_स्टँड

सगळे रूल रूल करून राहिले म्हणून लिहितो. १९८० ची मुंबईची गोल्डन ज्युबिली टेस्ट आठवा, वानखेडेवर. इंग्लंड ५८ वर ५, बॉब टेलरला अंपायरनं कॅच आउट दिलं, आणि आपला कॅप्टन गुंडप्पा विश्वनाथ स्लिपमधून चालत आला आणि म्हणाला की याच्या बॅटला लागलं नाही, याला परत बोलवा. अंपायरचा निर्णय होता, कागदावर आउट होता, कोणी विश्वनाथला काही म्हटलं नसतं. त्यानं परत बोलावलं. आज इतक्या वर्षांनी त्या टेस्टमधलं लोकांना काय आठवते? विश्वनाथ आठवते.

बर्डीच्या पोट्ट्याला फायनल मिळाली, ठीक आहे, पण त्या हॉलमधे बसलेल्या लोकांमधे आता त्याचं नाव काय राहिलं ते विचारा.

पोट्टा_नं_८

@जामठा_स्टँड भाऊ अर्धीच गोष्ट सांगितली तुम्ही. त्याच टेलरनं आणि बोथमनं मग १७१ ची पार्टनरशिप केली, बोथमनं सेंच्युरी मारली, वरून मॅचमधे १३ विकेट घेतल्या आणि आपण १० विकेटनं हारलो. विश्वनाथ मोठा माणूस, वादच नाही. पण त्याले अंपायरचा निर्णयच चूक वाटला होता न, टेलर आउट नव्हताच. इथे तर क्यू खरंच खोलला होता. दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

क्रिकेटच काढायचं तर विनू मंकडचं काढा. १९४७ ला सिडनीत बिल ब्राउन बॉल टाकायच्या आधी क्रीज सोडून पळून राहिला होता, मंकडनं बेल्स उडवल्या, आणि वर्षानुवर्षं बदनाम कोण? मंकड! पळणारा नाही. शेवटी २०२२ ला ते अनफेअर प्लेच्या कलमातून उचलून साध्या रनआउटच्या कलमात टाकलं तेव्हा कुठे लोकांचं तोंड बंद झालं, आणि पूर्ण तरी कुठे झालं. रूल वापरणारा वाईट आणि रूल मोडणारा बिचारा, हे आपलं नेहमीचंच आहे.

चॉकमास्तर

क्रिकेट जरा बाजूला ठेवू. मला स्कोअरवाला यांच्या पोस्टमधे क्यूपेक्षा बाहीवाली गोष्ट जास्त खटकली, कोणीच त्याच्यावर बोललं नाही म्हणून आश्चर्य वाटते.

तुम्ही लिहिलं की तुम्ही स्कोअर लिहायला बसला होता. रेफरी होता का? म्हणजे प्रत्येक शॉटला टेबलाजवळ उभं राहून फाऊल द्यायचं काम तुमच्याकडे होतं का? कारण सगळं त्याच्यावर अवलंबून आहे. डब्ल्यूपीएच्या रेग्युलेशन्समधे आहे की रेफरी नसेल तर मॅच "क्यू बॉल फाऊल्स ओन्ली" या पद्धतीनं खेळवता येते. म्हणजे पांढऱ्या बॉलला हात, बाही, क्यू काही लागलं तर फाऊल. पण दुसऱ्या एखाद्या बॉलला चुकून स्पर्श झाला आणि त्यामुळे शॉटच्या निकालात फरक पडला नाही (म्हणजे तो हललेला बॉल दुसऱ्या बॉलला लागला नाही आणि त्याच्या मूळ जागेवरून कुठला बॉल गेला नाही) तर तो फाऊलच नाही. समोरचा फक्त एवढंच ठरवतो की बॉल आहे तिथे राहू द्यायचा की जुन्या जागी ठेवायचा. बस.

रेफरी नसलेल्या टूर्नामेंट बहुतेक याच पद्धतीनं चालतात. तुमच्या इथे तसं ठरलं असेल तर तुमच्या दोस्तानं जो बॉल इन हँड दिला तो द्यायची गरजच नव्हती आणि पोट्ट्याला घ्यायचा हक्कच नव्हता. तो रॅक फुकट गेला. म्हणजे रूल कडक लावले असते तर कदाचित मॅच ६-६ पर्यंत गेलीच नसती! आणि रेफरी टेबलावर होता असं धरलं तर सगळ्या बॉलचे फाऊल लागतात, मग दोस्तानं केलं ते बरोबर.

आता क्यूबद्दल. तो कन्सेशनचा रूल आहे. जोडाचा प्लेइंग क्यू, समोरचा टेबलावर, आणि समोरचा जिंकायच्या निर्णायक रॅकमधे, या अवस्थेत क्यू खोलला तर मॅच सोडली असं धरतात. तुमच्या केसमधे समोरचा टेबलावर होता, डिसायडर होता. एकच विचारतो, दोस्तानं खोलला तो खेळायचा क्यू होता की ब्रेकचा (रॅकचा पहिला फटका मारायचा वेगळा)? ब्रेक क्यू किंवा जंप क्यू (बॉल उडवून मारायचा) खोलून पिशवीत ठेवला तर या रूलचा काही संबंध नाही.

स्कोअरवाला_नागपूर

@चॉकमास्तर खेळायचाच होता, ब्रेक तो पार्लरच्या काठीनं करते. आणि मी रेफरी बिलकुल नव्हतो, मी पाटीवर खडूनं स्कोअर लिहून राहिलो होतो आणि मधात चहा सांगून राहिलो होतो. मॅचच्या आधी रेफरी कोण, कोणते फाऊल, हे काहीच बोलणं झालं नव्हतं. बाहीवालं तुम्ही सांगितलं ते मी दोस्ताला वाचून दाखवलं, तो पाच मिनिटं काही बोललाच नाही.

@जुना_मेंबर काका तुमचं पटते पण मग मालकानं फक्त शेवटच्या वेळेसच मोबाइल काढायचा हे कसं? ४-३ ला पण काढायला पाहिजे होता. रूल लावायचे तर पहिल्या ब्रेकपासून लावा.

पोट्टा_नं_८

अजून एक मजा पाहा, हा रूल फक्त स्वतःचा क्यू आणणाऱ्यालेच लागते. पार्लरची अख्खी काठी घेऊन खेळणाऱ्याले तर खोलायले काही नाहीच. त्यानं काठी स्टँडले लावून दिली, चप्पल घातली, दारापर्यंत गेला, तरी मॅच सुरूच! आठ-दहा हजाराचा क्यू घेणाऱ्याले डबल भुर्दंड 😄

नाइनबॉल_ताई

मला वेगळंच लिहायचं आहे, थोडं लांब होईल.

मी नागपुरात पार्लरमधे खेळते, बहुतेक वेळा हॉलमधे मी एकटीच मुलगी. आणि मला सगळ्यात जास्त त्रास कोणाचा झाला असेल तर या खेळाडूवृत्तीवाल्यांचा. माझा धक्का क्यू बॉलला लागला, मी म्हणते फाऊल, तर समोरून "असू द्या न ताई, खेळा तुम्ही". रेलला (टेबलाच्या कडेला) एकही बॉल लागला नाही, साधा सरळ फाऊल, "चालते हो". सुरुवातीला बरं वाटायचं. मग लक्षात आलं की हेच महाशय दुसऱ्या पोट्ट्यासोबत खेळताना चॉकच्या धुळीवरून भांडतात. म्हणजे मला सूट देतात कारण मी जिंकू शकते असं त्यांना वाटतच नाही. ज्या दिवशी मी एकाला सलग दोन रॅक हरवलं त्या दिवशी त्याला बरोबर तिसऱ्या रॅकमधे माझा डबल हिट (एकाच फटक्यात क्यू बॉलला दोनदा लागणं) दिसायला लागला. आणि तो डबल हिट होता पण! आधीचे पण होते, तेव्हा दिसत नव्हते.

त्यामुळे मी आता मॅचच्या आधीच सांगते, माझा प्रत्येक फाऊल घ्या, मी पण तुमचा प्रत्येक घेईन. एक-दोन जण नाराज झाले, बाकीच्यांना उलट सोपं वाटलं. सूट देणं हे ज्याच्या हातात आहे तो ती कोणाला देतो हे पण पाहत जा. स्कोअरवाला भाऊ, तुमच्या दोस्ताच्या जागी तुमच्या ओळखीचा नसलेला कोणी असता आणि त्यानं क्यू खोलला असता, तर तुम्ही ही पोस्ट टाकली असती का? रागावू नका, खरंच विचारते.

जामठा_स्टँड

@नाइनबॉल_ताई तुमचा मुद्दा मान्य आहे पण तो सूट देण्याचा नाही, भेदभाव करण्याचा आहे. सगळ्यांना सारखी सूट दिली तर?

नाइनबॉल_ताई

सगळ्यांना सारखी सूट दिली तर तोच रूल झाला न मग. लिहून ठेवा भिंतीवर.

बर्डी_कॉर्नर

मी त्या दिवशी तिथे होतो, आणि मी त्या पोट्ट्याच्या सोबत आलो होतो हे आधीच सांगून टाकतो म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको.

स्कोअरवाला भाऊंनी लिहिलं ते खरं आहे पण क्रम थोडा मागे-पुढे झाला आहे. तो खाली वाकला होता, दोन-तीन प्रॅक्टिस स्ट्रोक झाले होते आणि शेवटच्या स्ट्रोकला क्यू मागे घेतला तेव्हा इकडून किर्रर आवाज आला. एसी बंद होता, हॉल एकदम शांत, सगळे नऊ नंबरकडे पाहून राहिले होते. मी स्वतः मान वळवून पाहिलं की आवाज कसला आहे. तो म्हणते की त्याच्या हातात तिथेच झटका आला. आता झटक्यानं गेला की टेन्शननं गेला हे कोणी सांगू शकत नाही, डिसायडरचा नऊ नंबर भल्याभल्यांचा जाते. पण तो रूल सांगून जिंकला तर लगेच झोलर झाला हे मला पटत नाही. त्यानं पहिले रूल नाही सांगितला, पहिले तो असंच म्हणाला होता की भाऊ तू तर सोडली होती न मॅच. मालकानं रूल काढला.

आणि बाहीवाला बॉल इन हँड, ते त्याला पण माहीत नव्हतं. दोघंही एकाच पार्लरच्या शाळेतले, दोघांनाही वाटलं कुठलाही बॉल हलला की फाऊल.

पोट्टा_नं_८

आवाजानं चुकला हे मी नाही मानत. मॉस्कोनी कप पाहा न, युरोप विरुद्ध अमेरिका, १९९४ पासून चालू आहे, पब्लिक बोंबलून राहिली असते, ढोल-ताशे तेवढे बाकी असतात, आणि ते लोक नऊ नंबर टाकतात. पण रूल आहे तर आहे, आवाज येवो का न येवो.

जुना_मेंबर

@पोट्टा_नं_८ सतत चाललेल्या गोंगाटात मारणं सोपं, पूर्ण शांततेत एकच आवाज आला तर कठीण. टेबलावर उभे राहून बघा एकदा.

@बर्डी_कॉर्नर हे तुम्ही सांगितलं ते महत्त्वाचं. आवाज स्ट्रोकच्या वेळी आला असेल तर माझं मत पक्कं झालं. हेतू नसेल, पण परिणाम झाला.

स्कोअरवाला_नागपूर

मी स्कोअरच्या पाटीकडे तोंड करून होतो त्यामुळे स्ट्रोक कुठपर्यंत आला होता ते मला दिसलं नव्हतं, खोलताना दिसला तेवढं लिहिलं. बर्डी_कॉर्नर म्हणते तसं असू शकते, दोस्ताला विचारलं तर तो म्हणते मी बॉलकडे नाही, बॅगकडे पाहून राहिलो होतो.

@नाइनबॉल_ताई नसती टाकली पोस्ट. गप चहा पीत बसलो असतो.

तरी एक प्रश्न राहतोच. मालकाला मधला काही रस्ता होता का? म्हणजे वॉर्निंग देऊन शॉट परत मारायला लावणं वगैरे.

चॉकमास्तर

तुमच्या केसमधे शॉट परत मारायला लावणं हे तर रूलमधे बसत नाही.

पण मधला रस्ता होता, थोडा बारीक आहे. एकच कृती दोन रूलखाली येते. एक कन्सेशनचा, तिथे वॉर्निंग-बिर्निंग काही नाही, खोलला की मॅच गेली. दुसरा अनस्पोर्ट्समनलाइक कंडक्टचा (खेळाडूला न शोभणारं वागणं), त्यात समोरच्याचं लक्ष विचलित करणं हे स्पष्ट लिहिलं आहे, मुद्दाम मिसक्यू करून (टिप निसटवून) शॉट मारणं, मॅच सुरू असताना प्रॅक्टिस शॉट मारणं, टेबलावर खुणा करणं, टाइमपास करणं हे पण त्यातच. तिथे रेफरीला भरपूर मोकळीक आहे, नुसती वॉर्निंग, साधा फाऊल, रॅक, मॅच, अगदी टूर्नामेंटमधून बाहेर काढण्यापर्यंत. पोट्ट्यानं "मला डिस्टर्ब झालं" अशी तक्रार केली असती तर मालक वॉर्निंग देऊन मोकळा झाला असता. पण तो म्हणाला "तू मॅच सोडली", मग मालकाला कन्सेशनचं पान उघडावं लागलं आणि तिथे हात बांधलेले.

मी मालक असतो तर मी पण मॅच त्यालाच दिली असती. फक्त मी एंट्री घेतानाच दोन गोष्टी तोंडी सांगितल्या असत्या, रेफरी नाही म्हणून क्यू बॉल फाऊल्स ओन्ली, आणि डिसायडरमधे नऊ नंबर पडेपर्यंत क्यू जोडलेला राहू द्या. एक मिनिट लागते. कागद चिकटवला की आपलं काम झालं असं समजणं हीच या पार्लरवाल्यांची खोड आहे, अर्ध्या पोट्ट्यांना घरच्या एट-बॉलचा फाऊलवर दोन शॉटवाला रूलच माहीत असते, त्यांच्याकडून डब्ल्यूपीएचं पूर्ण पुस्तक पाठ असण्याची अपेक्षा करायची म्हणजे जरा अतीच. हां, पुस्तकात असंही आहे की रूल माहीत करून घेणं ही खेळाडूची जबाबदारी, त्यामुळे दोस्ताला तिथेही सुटका नाही.

आणि रेफरी नसताना खुर्चीत बसलेला खेळाडूच रेफरीचं काम करते, हे कोणाला माहीतच नसते. म्हणजे समोरचा मारत असताना तुमचं काम संपत नाही. शॉट जवळचा असेल, डबल हिट व्हायची शक्यता असेल, तर मारणाऱ्यानं आधी म्हणायचं की भाऊ नीट पाहा, किंवा तुम्हीच त्याला थांबवून तिसऱ्या माणसाला उभं करायचं. आणि फाऊल सांगायचा तर पुढचा शॉट सुरू व्हायच्या आत, नंतर सांगितला तर झालाच नाही असं धरतात. बाहीवाला वाद आज काढून म्हणूनच उपयोग नाही.

पोट्टा_नं_८

थांबा थांबा, खुर्चीतला रेफरी म्हणजे मग थ्री फाऊलचं कसं? सलग तीन फाऊल केले की रॅक गेला हे मले माहीत आहे. मी तर समोरच्याचे दोन झाले की गुपचूप बसतो आणि तिसऱ्याले जाळं लावतो, असा सेफ्टी मारतो की त्याले काही दिसलंच नाही पाहिजे.

चॉकमास्तर

सेफ्टी मार, कितीही कडक मार. पण गुपचूप नाही बसता येत. दोन फाऊल झाले की त्याला शॉटच्या आधी सांगावं लागते की तू टू फाऊल्सवर आहे. रेफरी असेल तर तो सांगते, नसेल तर खुर्चीतला. नाही सांगितलं आणि त्यानं फाऊल केला तर तो तिसरा धरतच नाहीत, तो दोनवरच राहते. हे नाइन-बॉलमधे, एट-बॉलमधे थ्री फाऊलच नाही.

पोट्टा_नं_८

म्हणजे जाळं मी लावायचं आणि समोरच्याले सावध पण मीच करायचं??

नाइनबॉल_ताई

हो. मोठ्यानं, त्याला ऐकू जाईल असं. मागच्या वेळेस माझ्यासोबत खेळताना तू बोलला नव्हता, तो रॅक परत दे आता.